हार्मची उंची

दुकानदाराने पहिल्यांदा विचारली ती उंची.
आईला वाटलं, हा शवपेटीचं बोलतोय,
ते तर मागच्या महिन्यातच उरकलं.
मग त्याने समजावलं, हलक्या आवाजात:
मांसाचं काही उरत नाही, बाई.
शेवटी सगळा हिशेब हाडांचा.
उंच माणसाची राख जास्त भरते.

एक मीटर अठ्ठ्याण्णव, आई म्हणाली
आणि हसली.
पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

हार्म, माझा बाप, एकतीस वर्षं पुलावर होता,
ग्रोनिंगेनच्या वर, जिथे कालवा वळतो
आणि वारा वळत नाही.
बोट आली की पूल उचलायचा,
गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
झुलवत न्यायचा बोटवाल्याच्या नाकापुढे.
नाणं पडलं की टक्.
न बघता सांगायचा कितीचं आहे.
युरो आले तेव्हा महिनाभर चुकत होता.

केबिनचं दार कुणा ठेंगण्या माणसाच्या मापाचं.
रोज चारदा तरी कपाळमोक्ष.
आईने चौकटीला निळा स्पंज चिकटवला,
तो झिजला, दुसरा चिकटवला,
तिसरा, मग मोजणं सोडलं.
टाळूवर एक टेंगूळ होतं, कायमचं,
न्हावी वळसा घालून कात्री न्यायचा.

शेल्फवर कलशच कलश.
पितळी, जणू कुठल्याशा स्पर्धेत आपला दुसरा नंबर आलाय.
काचेचा, पोटात निळा भोवरा अडकलेला.
एक मक्याच्या पिठाचा, पाण्यात सोडला की विरघळणारा.
"पोहता येत नव्हतं त्याला," आई म्हणाली,
"एकतीस वर्षं पाण्यावर काढून."
गळ्यात घालायचे थेंब होते, चिमूटभर मावेल एवढे.
भावाने एक तळहातावर घेतला,
बराच वेळ धरला,
आणि ठेवला तसाच परत.

आई एकेक उचलून बघत होती
भोपळा घ्यावा तशी,
बोटाने वाजवून, कानाशी नेऊन.
शेवटी एक मातीचा घेतला, करडा,
खांदे उतरते, मान लांबच लांब.

दुकानदार प्रामाणिक होता.
म्हणाला, आकार कसाही असो,
साडेतीन लिटर ते साडेतीन लिटर.
राखेला कुठलं कळतंय उंच-ठेंगणं.

"मला कळतं," आई म्हणाली.
"आता तरी वाकायला नको त्याला."

शुक्रवारी दफनभूमीतल्या भिंतीपाशी गेलो.
एकावर एक कोनाडे, टपालपेट्यांसारखे,
आमचा चौथ्या रांगेत,
वीस वर्षांचे पैसे भरलेला.
हातमोजे घातलेल्या माणसाने कलश उचलला,
आत सरकवला.
ठक्.
जरा तिरका केला.
ठक्.

भावाच्या नाकातून एक आवाज आला,
रडण्यासारखा सुरू झालेला,
वाटेत कुठेतरी बदलला.
मग आई. मग मी.
हातमोजेवाला भिंतीकडे तोंड करून उभा,
त्याचेही खांदे हलत होते.

परतताना कलश आईच्या मांडीवर.
पट्टा दोघांना मिळून एकच.

आता तो स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे,
मधल्या कप्प्यात, खिडकीसमोर, पूल दिसेल असा.
पूल हल्ली दूरच्या कुठल्या तरी खोलीतून
पडद्याकडे बघत कुणीतरी उचलतं,
बोटवाल्यांना हात करायला कुणी नसतं.
कप्पा उंचीला पुरतो. वर एक बोट जागा राहते,
आईने फूटपट्टीने मोजलीय,
वाकायचं काही कारण नाही, म्हणते.

तरी रविवारी बशा काढायला गेले तर
वरच्या फळीला, आतल्या बाजूने,
निळा स्पंज.
हात लावला.
गोंद अजून ओला होता.