चाळिसावी पट्टी

भिंतीवरच्या पत्र्यावर चाळीस पट्ट्या मावतात.
एकेचाळिसावी चिकटत नाही असं नाही,
नियमात बसत नाही.
बाहेर लेक एरीवरून वारा सुटलाय,
गाड्यांच्या काचा पांढऱ्या झाल्यात,
आणि संध्याकाळी सहाच्या आत
यादी जायला हवी.

निळी पट्टी म्हणजे कोवळं पोर, अजून स्वस्त.
लाल म्हणजे करार पक्का, खेळो न खेळो,
पंधरवड्याला दुखऱ्या गुडघ्याचाही चेक निघतो.
हॉलिस कानामागची पेन्सिल काढतो, पुन्हा खोचतो.
सोळा वर्षं आम्ही दोघं या पत्र्यापुढे.
सोळा वर्षांत ऑक्टोबर एकदाच खेळलो,
तोही चार दिवस.

ड्वेन कासलर, कॅचर, वय चौतीस, लाल.
अजून दोन वर्षं, दोन कोटी ऐंशी लाख डॉलर.
तो करार माझ्या हातचा.
त्याच्या मुलीला इथली शाळा आवडली
म्हणून त्यानं थोडं कमी घेतलं होतं,
आणि त्या 'थोडं कमी'चा
मी वर्षभर तोरा मिरवला.
आता तो यष्टीमागे, म्हणजे प्लेटमागे, बसतो तेव्हा
गुडघ्याचा आवाज पंचालाही ऐकू जातो.

एलियाझर मोटा, एकवीस, निळा.
बानीजवळच्या मिठागरांकडचा.
सोळाव्या वर्षी सही केली तेव्हा
त्याच्या आईनं कागदावरचं नाव बोट फिरवत वाचलं,
मग शाई वाळली का ते पाहिलं.
पैशातून छप्पर झालं, मामाच्या होडीचं कर्ज फिटलं.
वळणारा चेंडू त्याला अजून कळत नाही.
पण सरळ आलेला!
फ्लोरिडात एका सकाळी मी पाहिलंय :
चेंडू कुंपणापलीकडच्या डबक्यात पडला,
एक बगळा उडाला,
आणि गवताला पाणी घालणारा म्हातारा
नळी हातात धरून आपल्याच बुटांवर पाणी सोडत राहिला.
अहवालात यासाठी रकाना नाही.
आज पट्टी लावली नाही
तर डिसेंबरात कुणीही येईल
आणि आवळा देऊन हा कोहळा नेईल.

लोक म्हणतात, जुगार आहे तुमचा.
कसला जुगार! तिसरीतली बेरीज आहे, हातच्याची.
तरणा महाग व्हायच्या आत म्हातारा थकू नये,
म्हाताऱ्याचे पैसे फिटेपर्यंत तरणा पिकावा,
दोघांची वर्षं एकमेकांवर यावीत
असा एक उन्हाळा, फार तर दोन.
बाकीचे उन्हाळे आम्ही
हॉट डॉगसोबत आशा विकतो.

पाच वाजून दहा.
लाल काढता येत नाही, निळी काढवत नाही.
हॉलिस काही बोलला नाही,
पेन्सिलीचं टोक नुसतं
खालच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या पट्टीवर टेकवलं.

पीट ऑस्टरहाउट. एकोणतीस.
ना कोवळा, ना करारातला.
जुलैत सतरा डाव चाललेल्या त्या रात्री
सगळे पिचर संपले तेव्हा
शेवटचे चार यानं टाकले,
दुसऱ्या दिवशी खांद्यावर बर्फ बांधून
स्वतःच्या मुलीच्या बारशाला... त्यांच्यात काय म्हणतात, बाप्तिस्मा, तिकडे गेला.

फोन मी केला.
तो कुठल्यातरी दुकानात होता, मागे खिळे मोजल्याचा आवाज.
"कुणासाठी?" एवढंच विचारलं.
सांगितलं.
"मग बरं केलंत.
सरावात सरळ चेंडूवर मी त्याला कधीच चकवू शकलो नाही."
थोडं थांबून,
"वळणारा शिकवायला हवा कुणीतरी."

पाच अठ्ठावन्नला यादी गेली.
हॉलिसनं दिवा मालवला.
पत्र्यावर चाळीस, बरोब्बर.

घराच्या दारात किल्ल्या काढल्या
तर कोटाच्या खिशातून
किल्ल्यांना चिकटून
पीट बाहेर आला.