आधी अक्षांश

शाहलो, मी पाठवलेला पहिला तलाव
तुझ्या पडद्यावर थेट बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडला.
मी लिहिलं होतं एकाहत्तर, मग चाळीस.
तुमच्याकडे आधी अक्षांश लिहायची रीत.
बर्फातून सुटलेलं आमचं बिचारं पाणी
पुन्हा बर्फातच.
तू फोनवर म्हणालीस,
"किरगिझांकडे मासेमारीच्या बोटी केव्हापासून?"
दोघी हसलो. तेव्हा मे महिना होता.

जुलैत, त्या संध्याकाळी,
हिमनदीखालची पातळी मी तीनदा पाठवली: २,१५०.
आमच्याकडे स्वल्पविराम म्हणजे दशांश.
दोन मीटर, वर पंधरा सेंटिमीटर.
तुमच्या यंत्राने तो हजाराचा धरला,
दोन किलोमीटर खोल पाणी!
आणि अशक्य आकड्यांचं करतात तसं
गुपचूप गाळून टाकलं.
स्वल्पविराम.
शाळेत शिकवतात, इथे जरा थांबा.

तुमच्या वहीत लोंढा सात पन्नासला आला.
माझ्या वहीत तो आठ दहाला निघाला.
निघण्याच्या वीस मिनिटं आधी पोचलेली नदी
चौकशी समितीला समजावताना
सापारबेक घामाघूम झाला.
सीमेपलीकडे घड्याळ एक तास मागे.
हिशेब जुळवला तेव्हा कळलं,
मध्ये चाळीस मिनिटं होती.
चाळीस मिनिटांत माणूस शेळ्या सोडतो,
आजाऱ्याला पाठुंगळी घेतो,
पुलावरून परत फिरतो.

तुर्सुनबोय मिराबची जर्दाळूची बाग गेली. पूल गेला.
पुलावर एक दुचाकी होती.
तिच्या मालकाचं नाव मी अजून मोठ्याने घेत नाही.

सापारबेकने मग कपाट उघडलं.
सोव्हिएत नकाशे, कोपऱ्यात 'गुप्त' असा शिक्का,
उंच्या मोजलेल्या दूर क्रोनश्टाटच्या
समुद्रकाठच्या एका रेघेपासून.
जो समुद्र आमच्या बापजाद्यांनी पाहिला नाही
त्याच्या पाण्यावर आमचे डोंगर टेकलेले!
उपग्रहाच्या नकाशावर ठेवले,
तर प्रत्येक गाव शे-सव्वाशे मीटर सरकलेलं,
जणू रात्रीत कुणी अंथरूण ओढलं.
"शत्रू चुकावा म्हणून लपवलं होतं,"
तो म्हणाला, आणि बराच वेळ
चष्मा पुसत राहिला.

मग आपण पाच दिवस बसलो. चहा, नान, भांडणं.
वेळ लिहायची ग्रीनिचची, ना तुझी ना माझी.
दशांशाला टिंब.
उंची कुठल्या समुद्रापासून, ते शेजारीच लिहायचं.
मोजलं नसेल तर 'मोजलं नाही' लिहायचं;
शून्य लिहायचं नाही.
साचा असा, की कुणाच्याही यंत्रात
पैसे न मोजता, किल्ली न मागता उघडेल.
आणि तलावाचं नाव?
आम्ही म्हणतो चोंग-कोल, तुम्ही म्हणता कोक-कुल.
त्यावर दीड दिवस गेला.
शेवटी दोन्ही ठेवली, एका क्रमांकाखाली,
जशी एकाच पोराला घरी एक हाक, आजोळी दुसरी.

ताश्कंदचा एक साहेब म्हणाला,
एवढ्याशा कागदासाठी पाच दिवस?
तू त्याला साखर पुढे केलीस.

परवा, ऑगस्टच्या मध्यरात्री,
पातळी चढली.
मी झोपले होते. आकडा एकटाच गेला,
चौकीवर त्याला कुणी अडवलं नाही,
दुभाषा लागला नाही.
तुर्सुनबोयचा फोन किंचाळला.
तो उठला, कालव्याचे दरवाजे पाडले,
खालच्या वस्तीला उठवलं,
एक शिवी हासडली,
आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा झोपला.
वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही.

आज सकाळी तुझा फोटो आला.
गाळात रोवलेलं जर्दाळूचं रोप, चार पानं,
शेजारी तुझे चिखलाने माखलेले बूट.
खाली फक्त दोन आकडे: चाळीस, एकाहत्तर,
प्रत्येकापुढे टिंब आणि सहा घरं.
मी नकाशात टाकून पाहिलं.
जमिनीवर होतं.