शुद्धिपत्र

गंगावेशीच्या कट्ट्यावर
आनंदा वरुट्यानं धार काढून ग्लास पुढं केला
आणि मी फोन.
काळ्या-पांढऱ्या चौकटीवर नीट धरला,
तर फोन म्हणाला, ॲप जुनं झालंय,
आधी अपडेट करा.
मागं सातआठ माणसं.
ग्लासातला फेस खाली बसत चाललेला.
म्हैस माझ्याकडं बघत होती,
तिला काही घाई नव्हती.
"ऱ्हाऊ द्या ओ मास्तर, उद्या द्या,"
म्हणत आनंदानं दुसरा ग्लास आचळाखाली धरला.

मास्तर मी कधीच नव्हतो.
शाहूपुरीतल्या छापखान्यात छत्तीस वर्षं प्रुफं तपासली.
चष्म्यामुळं लोक मास्तर म्हणतात.
ही एक चूक मी तशीच जाऊ देतो.

घरी आलो, चार्जर लावला.
एकवीस ॲपं ताटकळत उभी.
तौफिक शिकलगार दुकानातच म्हणाला होता,
"काका, ऑटोवर टाकतो. तुम्ही झोपा,
त्याचं त्ये आपलं आपण हुतंय."
नको म्हटलं.
नजरेखालून गेल्याशिवाय
एक वेलांटी बदललेली मला खपत नाही.

म्हणून प्रत्येकाखालचा मजकूर वाचतो.
अख्ख्या पेठेत मी एकटाच वाचत असेन.
'काही दोष दूर केले. कामगिरी सुधारली.'
एकविसांपैकी चौदा ठिकाणी हेच, शब्दही हेच.
अरे, पण कुठले दोष?
पान कितवं? ओळ कुठली?
आमच्याकडं शुद्धिपत्र असायचं,
पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेलं, पातळ गुलाबी कागदाचं:
पान ४७, ओळ १२, 'मन'च्या जागी 'मान' वाचावे.
लाज असायची त्यात,
पण पत्त्यासकट.

एकदा माझ्या हातून मोठं गेलं.
कळंब्याच्या इंगवल्यांची लग्नपत्रिका.
मुलीच्या आईच्या नावामागं 'श्रीमती',
आणि नवरा समोर बाकावर बसलेला,
गठ्ठे न्यायला आलेला, पिशवी घेऊन.
चारशे पत्रिका.
ओरडला नाही. "बगा आता काय करायचं त्ये,"
एवढंच म्हणाला
आणि स्वतःच्या छातीवरून एकदा हात फिरवला.
त्या रात्री खळ शिजवली.
नखाएवढ्या चिठ्ठ्यांवर 'सौ.' छापून
चारशे वेळा त्या माणसाला जिवंत केला.
पहाटे माझी बोटं एकमेकांना चिकटली होती.

आता निळी रेघ सरकते.
बासष्ट टक्के, चौसष्ट,
त्र्याहत्तरावर अडते.
फोन खिडकीत नेऊन गजांबाहेर धरतो,
रंकाळ्याच्या वाऱ्यात,
शेजारच्या गॅलरीतला पोरगा हसतो.
एकेक उघडून बघतो. काय बदललं?
डावीकडचं बटण उजवीकडं गेलं, तेवढं दिसलं.
बाकी आत कुठंतरी.

शेवटी एक तिथ्यांचं ॲप उरलं.
त्याला नवी आवृत्तीच नाही, सहा वर्षं झाली.
करणारा दुसऱ्या कामाला लागला असेल.
किंवा नसेलच.
तरी अमावास्या बरोबर दाखवतंय.
त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी कट्ट्यावर
दोन ग्लासांचे एकदम दिले, कालचा धरून.
खांबाला टांगलेला डबा खणखणीत बोलला,
"ऐंशी रुपये प्राप्त झाला आहे."
"झाले आहेत," मी म्हटलं.
"काय झालंय?" आनंदानं मान वर केली.
"काही नाही. पैसे आले."
कुठंतरी कुणीतरी
रात्रीचा जागत असेल या डब्याच्या मजकुरावर,
त्याच्याही डोळ्यांखालून हे निसटलं.
पुढच्या वेळी बघू.

ग्लास उचलला.
फेस अजून वरच होता.