दोन बारमाही, दोन उन्हाळी

तुर्भ्याच्या पुलाखाली फैयाजभाई
गाडी जॅकवर चढवून म्हणतो,
चारही घ्या ना मॅडम.
पैसे दोनाचेच आहेत.

उन्हाळी टायरच्या खाचेत तो रुपया उभा करतो.
मागचे वर्षभर जातील. पुढचे गेले.
बारमाही देतो, कशालाच नाही म्हणत नाहीत.

मग नवे पुढेच लाव, इंजिन तिथंय.

छे. मागचे पुढे घेऊ, नवे मागे.
पुढचं घसरलं तर स्टिअरिंग हाताला सांगतं,
मागचं सांगत नाही,
निघून जातं.
आणि एका आसावर एकच जात, बरं का.
डावा असा, उजवा तसा, चालत नाही.

उतरवलेल्या टायरवर चार आकडे:
एकेचाळीस, सतरा.
म्हणजे सतरा सालचा ऑक्टोबर.
हा कुठल्याशा साच्यात शिजत होता तेव्हा
नेरूळच्या फ्लॅटमध्ये पडद्यांच्या रंगावरून
आम्ही हसत भांडत होतो,
श्रीरंग आणि मी.

हे दोन ठेवू डिकीत?
नको, फैयाजभाई. झाडाच्या कुंडीला कुणी नेईल.

सानपाड्याच्या सिग्नलपर्यंत
हात स्टिअरिंगवर नुसते होते.
मी पाठीनं ऐकत होते.