लाभ, दोन, तीन

शिरोड्याला सोसायटीच्या गोदामात
मी नारळ मोजते. एकवीस वर्षं झाली.
एका हातात दोन, दुसऱ्यात तीन,
अशा वीस फेकींचा शेकडा,
आणि शेकड्याला चार वरचे,
ज्यांचे पैसे कुणी देत नाही, कुणी मागत नाही.

मोजायला बाबांनी शिकवलं.
पहिली फेक टाकताना दटावायचे,
"एक म्हणां नको गो, लाभ म्हण."
लाभ, दोन, तीन.
सुरुवातच मुळी
काहीतरी पदरात पडल्यापासून.

बाबा श्रावणात गेले.
म्हणून यंदा दाराला कंदील नाही,
चुलीवर कढई नाही.
भाची मनवा सुट्टीला आलीय सावंतवाडीहून,
दप्तरात एक नवी कोरी वही.
बाईंनी दिवाळीचा अभ्यास दिलाय:
रोज रात्री लिहा, आजच्या पाच चांगल्या गोष्टी.
ती पेनाचं टोपण चावत बसलीय.
"मावशी, आज काही झालंच नाही."

खरंच, काय झालं होतं?
वीज गेली होती साडेतीन तास.
गुणाजीच्या जाळ्यात फुटकी बाटली आणि शेवाळ.
मी तिला म्हटलं,
नारळ कसा बघतात? कानाशी धरून हलवायचा.
आत पाणी बोललं तर शेकड्यात,
मुका असला तर बाजूला.
धर आजचा दिवस कानाशी.

तिने वही कानाला लावली
आणि खरंच हलवली.

लाभ.
इनासची मर्सेलिन अनारसे घेऊन आली.
तुमच्याकडे यंदा करायचे नाहीत ना, म्हणून.
जन्मात पहिल्यांदा केलेले.
सगळे तुपात हसले होते,
डब्यात नुसता खसखशीचा चुरा.
ती ओशाळून दारातच उभी,
आणि आम्ही चमच्याने खाल्ले,
श्रावणापासून पहिल्यांदा
या घरात कुणी हसलं ते अनारशांच्या आधाराने.

दोन.
गुणामामाची होडी रिकामी आली.
"रिकामी आली, हे चांगलं कसं?"
आली, मी म्हटलं.
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग "रिकामी" खोडलं
आणि "आली"खाली रेघ मारली.

तीन तिचं तिनेच लिहिलं:
वीज गेली, पंप थांबला,
तेव्हा समुद्र माजघरात ऐकू आला.

चार: आजोबांचा चष्मा सापडला.
उटण्याच्या डब्यात!
मागच्या चतुर्दशीला अंगाला लावताना काढून ठेवला असणार.
म्हातारा मरेपर्यंत
मागच्या फणसावरच्या कावळ्यावर आळ घेत होता.
काचांवर पिवळी पूड, आणि
एका काडीला बांधलेला माझ्याच ओढणीचा दोरा.
मी तो पुसला नाही.

पाचला ती झोपली.
हातात पेन, आकड्यापुढे कोरी जागा.
मी भरू शकले असते. भरली नाही.

पहाटे दार उघडलं तर
तुळशीपाशी एक कारीट.
यंदा आम्हांला फोडायचं नव्हतं,
गावाला ठाऊक आहे.
तरी कुणीतरी
आपल्या घरची मोजताना
एक वरचं मोजलं,
अंधारातच ठेवून गेलं, हाक न मारता.
मी ते उचलून कोनाड्यात ठेवलं.
तिथेच वाळलं.

आज दुपारी मनवाने फोनवर फोटो पाठवला.
वही तपासून आलीय.
लाभभोवती लाल गोल, बाजूला बाईंचं वळणदार अक्षर:
"क्रमांक चुकला. 'एक' लिही."
खाली तिचा प्रश्न: मावशी, खोडू का?

गाडी लागली होती दाराला,
ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता,
माझ्या एका हातात दोन, दुसऱ्यात तीन.
उत्तर कुठल्या हाताने लिहिणार?

लाभ, मी म्हटलं,
जरा मोठ्यानेच,
आणि टाकले.