बहात्तर किलो वाळू

रास अल खैमा, नखीलच्या जुन्या बाजारात माझं दुकान. अबाया शिवतो.
काळं कापड, काळा दोरा, काळ्यावर काळा कशिदा.
डोळे त्यातच गेले; बोटांना अजून दिसतं.

प्रणिल आला तो शटर ओढायच्या वेळी,
कचऱ्याच्या पिशवीत कोंबलेलं केशरी नायलॉन घेऊन.
"मोमीनचाचा, झिगझॅग मारून द्याल?"

इचलकरंजीत मागावर होतो तेव्हापासून माझी एक सवय:
कापड दोन्ही मुठींत धरायचं, हिसडा द्यायचा, कान लावायचा.
चांगलं कापड गप्प राहतं.
हे कुरकुरलं.

पतंगाचं कापड, दुबईत सतवाच्या बोळातून गठ्ठ्याने घेतलेलं.
दोऱ्या मासेमारीच्या दुकानातल्या.
आराखडा चौकटीच्या वहीत, पेन्सिलीने,
खोडून खोडून कागद पातळ झालेला.
"ह्याला लटकून कड्यावरून उडी मारणार?"
"लगेच नाही. आधी वाळू."

पोरगा सेफ्टी ऑफिसर.
चाळिसाव्या मजल्यावर कुणाचा हुक सुटा दिसला
तर पगार कापणारा.
दोनशे माणसांच्या पट्ट्यांवर रोज सकाळी ह्याची सही.
तुझ्या पट्ट्यावर कुणाची, विचारलं
तर म्हणाला, "शिवताय तुम्ही."

मी शिवलं.
रात्री दोनपर्यंत, इशाची नमाज राहून गेली.
अबायाला इंचाला दहा टाके घालतो,
ह्याला सोळा.
कुणाच्या तरी आईचं पोर, म्हणून सोळा.

रविवारी पहाटे जबल जैस.
पोलिसांची गाडी वर यायच्या आत उरकायचं होतं.
तांदळाच्या पोत्यात वाळू, बहात्तर किलो,
किराणावाल्याच्या काट्यावर तोललेली, बरोब्बर स्वतःएवढी.
पोत्याला त्याने आपला जुना शर्ट घातला होता.
बटणं सगळी लावलेली. गळ्याचंसुद्धा.

उघडलं.
मी चक्क टाळ्या वाजवल्या, ह्या वयात.
दुसऱ्या रविवारी उघडलं, पण तोंड फिरवून,
पोतं कड्याला घासत घासत खाली गेलं.

तिसऱ्या रविवारी आवाज आला. माझ्या ओळखीचा.
दुकानात चिंध्या फाडताना रोज येतो तोच,
फक्त खूप मोठा, आणि डोंगराने परत पाठवलेला.

खाली पोचलो तेव्हा शर्ट होता, बटणं लावलेली.
वाळू नव्हती. म्हणजे होती, पण वाळूतच;
त्यातली आपली कुठली, सांगता येईना.

शिवण तपासली. एक टाका उसवला नव्हता.
फाटलं होतं टाक्यांच्या शेजारून,
पोस्टाचं तिकीट फाटावं तसं, भोकाभोकाने.
सोळा टाके म्हणजे सोळा भोकं.
मला कळायला हवं होतं. मागावरच्या पोराला कळतं.

"तीनांत दोनदा उघडलं, चाचा,"
तो वही काढून लिहीत होता, "आणि आता कारणही सापडलं."
अक्षर सरळ, हात स्थिर.

वाळूला भीती वाटत नाही, मी म्हणालो.
ती दोरी घाईने ओढत नाही, उशिरा ओढत नाही,
पाय सुटल्यावर मागे वळून बघत नाही.
वाळू पास झाली म्हणजे वाळूच पास झाली.
अजून वीस पोती टाक, मग बोलू.

वीस पोती. त्याने बोटांवर मोजलं. वीस रविवार.
"व्हिसा एप्रिलपर्यंतच आहे, चाचा."
मग गाडीत शर्ट मांडीवर घेऊन बसला,
शिवणींतली वाळू नखाने काढत.

त्याला महिना झाला. फोन लागत नाही.
नंबर बदलला असेल. डोंगरात रेंज नसते.
दुसरा शिंपी गाठला असेल, जाणता.

काल अबाया शिवताना चुकून केशरी बॉबिन चढली.
वरून काळी शिवण, आतून चार बोटं केशरी.
उसवायला कात्री घेतली,
आणि आधी, का कोण जाणे, एका इंचातले टाके मोजले.
दहा.