डूल

मॉरीन अ‍ॅक्रॉइड, वय अडुसष्ट,
कानात लांब डूल घालून शिकवायला बसते.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
पुढे रस्ता बघ, आरशात मागचं बघ,
आणि गिअर कसा पडला हे कळायला
माझे कान बघ.

पहिले तीन आठवडे
डूल जत्रेतल्या पाळण्यासारखे.

हॅलिफॅक्समध्ये सपाट रस्ता कुठला?
दुधाची बाटली आणायलाही इथे चढ.
अर्ध्या चढावर सिग्नल लाल,
मग पिवळा, मग हिरवा,
आणि क्लच सुटून गाडी आचका देऊन बंद.
मागे अख्खी बस.
मी, सत्तावीस वर्षं बाळंतपणं करणारी बाई,
किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची तेच विसरलेली.
बसवाल्याने हॉर्न नाही वाजवला.
त्याने पेपर उघडला.
ते जास्त लागलं.

सुधन्वाने शिकवून पाहिलं होतं, एका रविवारी,
सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगात.
"सोड. सोड ना. अगं, सोड!"
मी गाडी तिथेच सोडली
आणि चालत घरी आले.

मॉरीन सोड म्हणत नाही.
ती म्हणते, थांब तिथेच.
पाय वर येताना एक जागा येते,
बॉनेट जरासं उचलतं,
आवाज जाड होतो,
तळपायाला थरथर कळते.
तिथे काही करायचं नसतं.
एक, दोन.
मग हळूच.

मला हसू फुटलं.
हेच तर मी रोज सांगते.
बाळाचं डोकं दिसायला लागतं,
बाईला वाटतं एकदाचं लोटावं आणि सुटावं,
आणि मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणते,
आता जोर नको. फुंकर घाल. नुसती फुंकर.
घाईत फाटतं.

हे मॉरीनला सांगितलं
तर तिने गाडी कडेला घ्यायला लावली,
डोळे पुसेपर्यंत हसली.
मग म्हणाली, मला तीन झाली,
कुणी फुंकर सांगितली नाही.
इंडिकेटर टिकटिकत राहिला.
मी तो बंद केला.

दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी जायचं
ते मात्र कळेना.
मी काट्याकडे टक लावायचे, रस्ता राहून जायचा.
एके दिवशी मॉरीनने काट्यावर पिवळी चिठ्ठी डकवली.
आता?
आता ऐक, म्हणाली.

आण्णा ऐकायचे.
इचलकरंजीत आठ मागांवर एकटे,
त्या खडखडाटात डोळे मिटून बसलेले,
आणि मधेच उठून नेमक्या पाचव्या मागाशी जायचे.
"धागा गेला की माग पातळ बोलतो गं."
मागाला कुठे होता काटा?

इंजिन आधी गुरगुरतं,
मग ओरडायच्या जरा आधी
कुणी घसा खाकरावा तसं करतं.
तेव्हा.

पहिल्या परीक्षेत नापास. कारण सांगत नाही.
दुसरी फेब्रुवारीत, भुरभुर बर्फात, पास.
मॉरीनने मिठी मारली तेव्हा
एक डूल माझ्या स्वेटरला अडकला.

मार्चमधली रात्र, अडीच वाजलेले.
हेप्टनस्टॉलच्या वरचं शेतघर,
दगडी चढ, वर धुकं, पहिला गिअर.
कुत्रं भुंकलं. कर्स्टीला मुलगी झाली,
सात पौंड, रागीट, छान.

उतरताना उजाडत होतं.
दुसऱ्यात ठेवली, इंजिनच्याच आधाराने,
ब्रेकवर फार पाय न देता.
शेजारच्या सीटवर माझी बॅग,
तिचा पट्टा कडेवरून खाली लोंबणारा.
वळण आलं, बदलला गिअर.
बघितलं, पट्टा स्थिर.

खाली बसस्टॉपपाशी, तिसऱ्यात जाताना,
थोडा हलला.
असू दे.